आपली बोट

नावुनिवी गावात वासेमाथाबाईंच्या घरात, आतल्या भिंतीवर एकसष्ट फोटो आहेत. बासष्टावा होता तिथे भिंतीचा निळा रंग थोडा कमी विटलेला आहे. पंजाएवढा तो चौकोन अजून कुणी झाकलेला नाही.

फोटो पाठवले एमोसीने. एमोसी हा वासेमाथाबाईंचा धाकटा मुलगा, वय चव्वेचाळीस. बारा वर्षांपूर्वी तो फिजीतलं कंदावू बेट सोडून ऑस्ट्रेलियात आला आणि लीटनला संत्र्यांच्या शेडमध्ये लागला. पट्ट्यावरून संत्री येतात, त्यातली डागाळलेली त्याने बाजूला काढायची. बारा वर्षं हेच काम. बायको अकेनेता गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, भरवते. मुलगी लाइसानी चौदा वर्षांची, शाळेत नेटबॉल खेळते. घर भाड्याचं. व्हॅन स्वतःची, पण तिचं सरकतं दार आतून उघडत नाही.

जोडून सुट्टी आली की हे तिघं व्हॅन घेऊन निघत. गूलबर्नचा घराएवढा सिमेंटचा मेंढा, डोंगरातला बर्फ, दक्षिणेला समुद्रात उभे असलेले सुळके, मीठ साचून गुलाबी झालेलं तळं. सात वर्षांत त्यांनी जेवढी ऑस्ट्रेलिया पाहिली तेवढी लीटनमधल्या जन्माने ऑस्ट्रेलियन असलेल्या बऱ्याच लोकांनी पाहिलेली नाही. मात्र सहल फोटोसाठी असे. एमोसी कॅराव्हॅन पार्कच्या धुण्याच्या खोलीत सगळ्यांचे चर्चचे कपडे इस्त्री करी. स्वतःचा करडा सुलू, म्हणजे फिजीतली गुडघ्यापर्यंतची लुंगी, पांढरा सदरा, टाय. अकेनेता आणि लाइसानीला घोळदार पांढरे झगे. मग मेंढ्यासमोर किंवा बर्फात उभं राहायचं. आजूबाजूचे लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात असायचे. लाइसानी सातवीत गेल्यावर म्हणाली होती की लोकांना आपण लग्नाचं वऱ्हाड वाटतो. एमोसीने तिला हनुवटी थोडी वर घ्यायला सांगितलं.

कॅमेरा जुना, सेकंडहँड, पण भिंग चांगलं. तिवईवर लावून दहा सेकंदांचा टायमर दाबायचा आणि पळत येऊन मधे उभं राहायचं. एमोसीचं वजन एकशे अठरा किलो. एकसष्टपैकी साठ फोटोंत तो किंचित तोंड उघडं ठेवून उभा आहे, कारण साठ वेळा त्याला धाप लागलेली होती.

फोटो कागदावर छापून, दर तीन महिन्यांनी पाकिटात घालून तो आईला पाठवी. गावात फोनला रेंज मिळते ती चर्चमागच्या टेकडीवर, आणि वासेमाथाबाई फोनमध्ये फोटो बघत नाहीत. फोटो बघायला भिंत लागते असं त्यांचं म्हणणं. गावातली माणसं रविवारी प्रार्थनेनंतर त्यांच्याकडे चहाला येत आणि भिंतीसमोर बसत.

भिंतीसमोर बसणाऱ्यांत सेवानाया होता. एमोसीच्या आत्याचा हा मुलगा, म्हणजे आतेभाऊ. फिजीत आते-मामेभावांनी एकमेकांची टिंगल करायची असते आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नसतं. एकमेकांना ते मेव्हणा म्हणतात, एकमेकांच्या ताटातला मासा उचलतात, प्रेतयात्रेतही टोमणे मारतात. टिंगल बंद झाली की नातं आजारी आहे असं लोक समजतात. सेवानाया मासेमारी करतो, सडपातळ आहे, आणि टिंगलीच्या कामात गावात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

तीन वर्षांपूर्वी ईस्टरला त्याने टेकडीवरून फोन केला. पाकीट पोचलं, फोटो सुंदर आहेत, मेंढ्याशेजारी तूच मोठा दिसतोस, वगैरे झालं. मग म्हणाला, "मेव्हण्या, एक विचारू? डोंगर सरकारचा. समुद्र देवाचा. मेंढा कुणा सिमेंटवाल्याचा. सगळ्या फोटोत तू दुसऱ्याच्या वस्तूपुढे सुलू नेसून उभा. नऊ वर्षांत तुझी स्वतःची एखादी वस्तू असेल ना? तिच्यापुढे पण एकदा उभा राहा की."

एमोसी हसला. नियमाप्रमाणे त्यानेही काहीतरी उलट म्हटलं. बहुधा सेवानायाच्या पायांबद्दल. पण अकेनेता सांगते की त्या रात्री तो जेवणानंतर व्हॅनपाशी बराच वेळ उभा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते नरूमाला गेले. धक्क्याशी, बोटी पाण्यात सोडायच्या उताराजवळ ट्रेलरवर एक बोट उभी होती. ॲल्युमिनियमची, पांढरी, साडेपाच मीटर, मागे साठ अश्वशक्तीचं काळं इंजिन. मालक कीथ नावाचा निवृत्त प्लंबर, पाण्याचा पाइप घेऊन बोट धूत होता. इतक्या कपड्यातली माणसं बघून त्याने कुठली मंडळी म्हणून विचारलं. फिजीची म्हटल्यावर त्याला त्याची एक जुनी सुट्टी आठवली. बसा की बोटीत, म्हणाला, फोटो काढा. तिवई उताराच्या शेवाळावर घसरत होती, तेव्हा म्हणाला, आणा इकडे, मी काढतो.

एमोसीने अकेनेताला पुढच्या बाकावर बसवलं आणि स्वतः मागे, एक हात इंजिनावर ठेवून. लाइसानीला काठावर बसवलं. कीथने कॅमेरा डोळ्याला लावला, तेव्हा एमोसीने लाइसानीला थोडं डावीकडे सरकायला सांगितलं. ती सरकली. अजून थोडं, म्हणाला. ती अजून सरकली, आणि तिच्या झग्याच्या घोळामागे बोटीच्या अंगावर रंगवलेलं 'मॉरीन' हे नाव झाकलं गेलं. मॉरीन कीथची बायको.

फोटो चांगला आला. एमोसी त्यात शांत दिसतो, तोंड मिटलेलं. पाठवताना त्याने मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनाने दोन शब्द लिहिले. एरवी तो जागेचं नाव आणि तारीख लिहायचा. या वेळी लिहिलं, 'आपली बोट'.

यातला 'आपली' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. फिजीच्या भाषेतही मराठीप्रमाणेच 'आमचं' आणि 'आपलं' वेगळं आहे. समोरच्याला वगळून बोलायचं तर एक शब्द, त्याला धरून बोलायचं तर दुसरा. एमोसी 'आमची बोट' लिहू शकला असता. पण घरच्या माणसांना, त्यातून आईला, 'आमची' लिहिणं म्हणजे ताट उचलून आत नेण्यासारखं. चांगल्या घरातला माणूस असं लिहीत नाही. खोटं बोलतानाही एमोसीने रीत सोडली नाही, आणि गोष्ट बिघडली ती त्या रीतीमुळे.

पुढल्या वेळी आईचा फोन आला तो तिच्या एकटीचा नव्हता. टेकडीवर तिच्याबरोबर चारपाच माणसं होती, त्यांचे आवाज येत होते. तिने सांगितलं की फोटो इलाइतियाकाकांनी दोन दिवस नेला होता. इलाइतियाकाका म्हणजे मोठ्या प्रसंगी गावाच्या वतीने बोलणारे गृहस्थ. मुख्याध्यापकांनीही पाहिला. गावच्या बोटीचं इंजिन गेल्या पावसाळ्यात बसलंय हे तुला माहीतच आहे, म्हणाली. पोरं खाडीपलीकडच्या शाळेत डोंगरावरून जातात, अडीच तास. मग विचारलं, "बोट चांगली आहे ना रे? पाणी नाही ना घेत?"

एमोसीला सांगता आलं असतं. तो म्हणाला, नाही घेत. मग म्हणाला, आई, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता. शब्द नाहीत, पण तो सलग आवाज अकेनेताला स्वयंपाकघरातही ऐकू येत होता. फोन त्याने ठेवला.

त्यानंतर दोन ख्रिसमस त्याने काही ना काही कारणाने गावी जाणं टाळलं. मागच्या डिसेंबरात आईने तब्येतीचं सांगितलं, तेव्हा जावं लागलं. राजधानी सुवाहून फेरीबोटीने कंदावू, तिथून दुसऱ्या गावच्या बोटीने नावुनिवी. पोचल्यावर रीतीप्रमाणे, कुटून पेय करतात ती यांगोनाची मुळं गावापुढे ठेवून आत येण्याची परवानगी घेतली, ती मिळाली. घरात शिरल्यावर एमोसीने आधी भिंत पाहिली. बोटीचा फोटो मधोमध होता आणि त्याला सुकलेल्या फुलांचा हार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या मोठ्या घरात बोलावणं आलं. चटयांवर पुरुष मांडी घालून बसले होते, बायका दाराशी. मधे यांगोनाचं लाकडी पातेलं, आणि पातेल्याला टेकवून ठेवलेला तो फोटो. हारासकट. इलाइतियाकाका पुढे सरकले. त्यांच्या दोन्ही हातांत देवमाशाचा दात होता, पिवळा, तेल लावून घासलेला, दोन टोकांना बांधलेली दोरी लोंबत होती. याला तांबुआ म्हणतात. लग्नाची मागणी, मृत्यूचं सांत्वन, गुन्ह्याची माफी, कुठलीही मोठी गोष्ट याच्याशिवाय बोलता येत नाही. समोर धरलेला तांबुआ घेतला म्हणजे मागितलेलं दिलं. नाही घेतला तर चालतं, पण त्यासाठी कारण सांगावं लागतं, सगळ्यांसमोर.

इलाइतियाकाका जुन्या वळणाचं बोलतात, सावकाश. एमोसीच्या वडिलांचं नाव घेतलं, पोरांच्या अडीच तासांच्या वाटेचं सांगितलं. मग म्हणाले, "तू लांब राहून आम्हाला विसरला नाहीस. लिहिताना 'आमची' नाही लिहिलंस, 'आपली' लिहिलंस. म्हणून आम्ही तुझी बोट मागत नाही आहोत. आपली बोट घरी आण, एवढंच म्हणतोय."

एमोसी दाराकडे बघत नव्हता, पण त्याला माहीत होतं की अकेनेता आणि लाइसानी तिथे बसल्या आहेत. आईही होती. तो नंतर सांगायचा की त्याला फक्त दाताची दोरी दिसत होती, आणि त्या दोरीची वीण वडिलांच्या हातची आहे की काय असं वाटत होतं. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि दात घेतला. घरभर पोकळ तळव्यांच्या टाळ्या झाल्या.

घरी आल्यावर अकेनेता म्हणाली की फोटोच्या मागे काय लिहिलं होतंस ते मला आज कळलं. "मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी बोटीत बसलेच नसते." एवढं बोलून ती नदीवर कपडे घेऊन गेली.

लाइसानी पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाबा, मला डावीकडे सरकायला का सांगितलं होतं?"

त्याने प्रकाश असं काहीतरी सांगितलं.

"ऊन उजवीकडून होतं," ती म्हणाली. "अजून थोडं सरक म्हणालास. मला वाटलं झगा भिजेल म्हणून सांगतोयस."



गाव मात्र कामाला लागलं होतं. बोट यायला महिने लागणार, पण उताराची जागा आता, माणसं सुट्टीला घरी आहेत तोवर, करून ठेवायची असं ठरलं. पुरुष ओहोटीला पहारी घेऊन किनाऱ्यावरचे खडक उपसू लागले. बोटीवर छप्पर हवं, आणि छपरासाठी सोयीची जागा वासेमाथाबाईंच्या अंगणाच्या टोकाला, तिथलं नीरफणसाचं झाड काढलं तर. झाड एमोसीच्या वडिलांनी लावलेलं. वासेमाथाबाईंनी विचार करायला वेळ घेतला नाही, हो म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी तर बोटीला नाव एमोसीच्या वडिलांचंच द्यायचं सुचवून ठेवलं.

एमोसीने ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी सकाळी, कुऱ्हाडी येण्याआधी, इलाइतियाकाकांकडे जायचं. तो उठला, सुलू नेसला, तोंड धुतलं, मग चहा घेतला. मग आणखी एक घेतला. कुऱ्हाडी आल्या, तो पायरीवरून उठला नाही. साडेनऊला झाड आडवं झालं. अर्धी कच्ची फळं बायकांनी गोळा करून घरोघरी वाटली. वासेमाथाबाईंनी दोन मुलासाठी भाजायला ठेवली.

दुपारच्या ओहोटीला तो किनाऱ्यावर गेला. सेवानाया गुडघाभर पाण्यात एका खडकाखाली पहार घालत होता. एमोसीला पाहून म्हणाला, या मालक, तुमच्या जहाजासाठी आमची कंबर मोडतेय, जरा वजन टाका पहारीवर, तेवढं तर तुमच्याकडे आहे. एमोसीने पहार धरली. खडक हलला. दोघांनी तो बाजूला लोटला आणि दम घेतला.

सेवानायाने त्याच्याकडे पाहिलं. "हे बघ, आत्ता तुझं तोंड उघडं आहे. सगळ्या फोटोत असंच असतं. पळत येतोस ना? त्या बोटीच्या फोटोत तू पळून आलेला नाहीस."

एमोसीने तोंड मिटलं.

"फोटो कुणी काढला?"

"होता एक माणूस."

"आणि बोट?"

एमोसीने पुढच्या खडकाकडे पाहिलं. सेवानाया हसायच्या बेतात होता, चेहऱ्यावर ते आलेलं होतं. ते तसंच थांबलं, मग गेलं. त्याने हातातली पहार पाण्यात उभी रोवली.

"कधीपासून माहीत होतं तुला?" एमोसीने विचारलं.

"माहीत कुठे होतं? चेष्टा करत होतो," सेवानाया म्हणाला. खाली बघत पुढे म्हणाला, "त्या दिवशी फोनवर पण चेष्टाच केली होती." मग त्याने किनाऱ्यावरच्या आठदहा माणसांकडे पाहिलं. "आता हा पुढचा खडक उचलू की राहू दे?"

"राहू दे," एमोसी म्हणाला.

तो तिथून सरळ घरी गेला आणि आईला सांगितलं. उभ्यानेच सांगायला लागला होता, मग लक्षात आलं की आई बसलेली आहे, तेव्हा बसला. वासेमाथाबाईंनी सगळं ऐकलं. नरूमा, कीथ, मॉरीन. बोटीत पाणी येत नाही हे मात्र खरं आहे, असंही तो का कोण जाणे म्हणाला. त्या उठल्या, पेटी उघडली, तळातून कापडात गुंडाळलेला दात काढला. घेतलेला दात परत करायचा तर सोबत माफीचा दुसरा द्यावा लागतो, आणि एमोसीकडे तो नव्हता. "तुझ्या वडिलांनी मला मागायला आणला होता हा," त्या म्हणाल्या. दात पुसायला खोबरेल त्यांनीच दिलं.

संध्याकाळी ऊन उतरण्याआधी एमोसी मोठ्या घरात गेला. तीच माणसं, त्याच चटया. फोटो अजून पातेल्याशी होता. या वेळी तो दारापासून गुडघ्यांवर चालत गेला, एकशे अठरा किलो, आणि दोन्ही दात पुढे ठेवले. बोलायचं त्याने मनात जुळवलं होतं, पण रीतीची लांब वाक्यं त्याला आठवली नाहीत. म्हणाला, "बोट माझी नाही. नरूमाच्या एका माणसाची आहे, त्यानेच फोटो काढला. तिच्यावर त्याच्या बायकोचं नाव आहे, ते मी मुलीच्या आड लपवलं. माझ्याकडे बोट कधीच नव्हती. झाड पडेपर्यंत मी बोललो नाही."

दाराशी कुणाचं तरी मूल रडत होतं, त्याला बाहेर नेलं. मुख्याध्यापक चटईच्या काठाचा धागा ओढत होते.

इलाइतियाकाकांनी फोटो उचलला, हार काढून बाजूला ठेवला, उलटा केला आणि मागचे दोन शब्द परत वाचले. "आमची लिहायचंस रे," ते म्हणाले. ते भाषणाच्या आवाजात नव्हतं. "आमची लिहिलं असतंस तर आम्ही पोराचं बरं चाललंय म्हणून खूश झालो असतो आणि घरी गेलो असतो. मागितली नसती."

मग ते पुन्हा गावाच्या वतीने बोलू लागले. आपला दात त्यांनी परत घेतला. माफीचाही घेतला. गाव अपराध मातीत पुरतं आहे, असं म्हणाले. या विधीचं नावच पुरणं असं आहे. एकदा पुरलं की ती गोष्ट कुणी काढायची नाही, घरात नाही, भांडणात नाही, थट्टेतही नाही. टाळ्या झाल्या. यांगोनाची वाटी एमोसीला पहिली दिली.

लोकांनी शब्द पाळला. पुढचे नऊ दिवस गावात त्याला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. उपसलेले खडक किनाऱ्यावर ओळीने पडले होते, भरतीला बुडत, ओहोटीला वर येत, आणि माणसं त्यांना वळसा घालून जात. नीरफणसाच्या बुंध्यावर वासेमाथाबाई कपडे वाळत टाकू लागल्या. फोटो त्यांनी काय केला ते त्यांनी सांगितलं नाही. शाळा उघडल्यावर पोरं पुन्हा डोंगरावरून जाऊ लागली.

एमोसी लीटनला परतला. शेड, संत्री, पट्टा. ईस्टरला ते तिघं व्हॅन घेऊन गुलाबी तळ्याकडे गेले, पण चर्चचे कपडे कुणी घेतले नव्हते. कॅमेरा लाइसानीने धरला. त्या फोटोत एमोसी अर्ध्या चड्डीत आहे, एका पायात चप्पल नाही, डोळे मिटलेले. त्याने मागे जागेचं नाव आणि तारीख लिहून तो आईला पाठवला.

मे महिन्यात सेवानायाचा टेकडीवरून फोन आला. एमोसी बाहेर व्हॅनपाशी जाऊन उभा राहिला. पाकीट पोचलं, सेवानाया म्हणाला. मामी बऱ्या आहेत. पाऊस नाही. एमोसीने आपणहून अर्ध्या चड्डीचा विषय काढला, पाय कसे दिसतात म्हणून विचारलं, आणि थांबला. मिटलेले डोळे, एक चप्पल, तळ्याच्या मिठाने पांढरेफटक झालेले पाय. सेवानायाला एवढं एक महिनाभर पुरलं असतं.

"छान आलाय फोटो," सेवानाया म्हणाला. "सगळे छान दिसताय."

मग त्याने अकेनेताची चौकशी केली, लाइसानीच्या शाळेची केली, आणि तब्येतीला जपायला सांगितलं.